ट्राजनला राणी का आवडते?

घोडबंदर रोडवर राहणारी माझी भाची बारावीची परीक्षा संपल्यापासून इंग्लंडवर राज्य करते आहे. 'सिव्हिलायझेशन ६' या संगणकावरच्या राज्य उभारण्याच्या खेळात ती राणी व्हिक्टोरिया आहे आणि शेजारी रोमचा सम्राट ट्राजन. या ट्राजनला मोठा मुलूख असलेली राज्यं आवडतात, छोट्यांना तो हिंग लावून विचारत नाही. भाचीची शहरं मोजून तीन. तरी स्वारी तिच्यावर खूश. "मामा, मी त्याला काहीच दिलेलं नाही, मग हा एवढा गोड का वागतोय?" यथावकाश तिच्या हेरांनी खबर आणली, ती अशी: या डावात ट्राजनला स्त्री राज्यकर्त्यांशी जुळवून घ्यायचं आहे, पुरुष राज्यकर्त्यांशी त्याचं पटत नाही.

फिराक्सिस कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या या खेळात संगणकाच्या हातातल्या प्रत्येक नेत्याला दोन प्रकारचे अजेंडे, म्हणजे आवडीनिवडीचे नियम, असतात. एक इतिहासावरून घेतलेला आणि कायमचा. क्लिओपात्राला बलाढ्य सैन्य असलेले शेजारी आवडतात, गांधीजींना शांतता पाळणारे. दुसरा छुपा. तो दर डावाला नव्याने, नशिबाने वाट्याला येतो आणि वकिलात, व्यापार, हेर अशा वाटांनी हळूहळू कळतो. ट्राजनच्या वाट्याला आलेला 'फ्लर्टेशस', म्हणजे लाडीगोडी करणारा, हा त्या छुप्या अजेंड्यांपैकीच एक.

ट्राजनच्या मनात काय चाललं आहे? मन नाहीच, बेरीज आहे. तुमच्याबद्दलच्या प्रत्येक गोष्टीला अधिक किंवा उणे गुण मिळतात, आणि बेरजेवरून नेता मित्र होतो, तटस्थ राहतो किंवा चारचौघांत तुमचा निषेध करतो. मुलूख कमी म्हणून उणे, वकिलात उघडली म्हणून अधिक. लिंगाची तपासणी त्यात सगळ्यात सोपी. समोरच्याचं लिंग माझ्यापेक्षा वेगळं आहे का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर, आणि त्याप्रमाणे गुण. भाचीच्या डावात या गुणांनी छोट्या मुलखाचे उणे गुण झाकून टाकले होते.

एवढ्याशा बेरजेला आपण 'गोड वागतोय' म्हणतो, यात नवल नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये लोकांना एक छोटी फिल्म दाखवली होती. पडद्यावर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ नुसते इकडेतिकडे फिरत होते. बहुतेक प्रेक्षकांनी मात्र त्यात दांडगाई, पाठलाग, भांडण पाहिलं. लिंगाच्या बाबतीत तर आपण आणखी उतावळे. क्लिफर्ड नॅस आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या प्रयोगात संगणकाला कधी पुरुषाचा, कधी बाईचा आवाज दिला होता. पुरुषी आवाजातली शाबासकी लोकांना जास्त वजनदार वाटली. प्रेम आणि नातेसंबंध या विषयात बाईच्या आवाजाचा संगणक जाणकार ठरला, तांत्रिक विषयात पुरुषाच्या. बोलतंय ते यंत्र आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खेळ म्हणून मला हा अजेंडा कच्चा वाटतो. बाकीचे बहुतेक अजेंडे तुमच्या वागण्याला उत्तर देतात: सैन्य वाढवा, जंगलं राखा, दुसऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, नेता निवळतो. इथे मात्र करण्यासारखं काही नाही. शिवाय या खेळातला नेता मरत नाही. इसवी सनापूर्वी ४००० पासून तोच चेहरा गादीवर, त्यामुळे पहिल्या भेटीत लागलेला शिक्का सहा हजार वर्षं तसाच. 'क्रुसेडर किंग्ज ३' हा खेळ या बाबतीत जास्त शहाणा. त्याचे डाव मध्ययुगात, उदाहरणार्थ ८६७ किंवा १०६६ साली, सुरू होतात, राजे मरतात, आणि मुलीला गादी मिळणार की नाही हे राज्याच्या वारसा कायद्यावर ठरतं. तिथे लिंगाला महत्त्व आहे, पण ते व्यवस्थेत आहे, कुणा एकाच्या लहरीत नाही.

मग खऱ्या इतिहासात काय दिसतं? ओईंद्रिला दुबे आणि एस. पी. हरीश यांनी १४८० ते १९१३ या काळातल्या युरोपीय राज्यांचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. राण्या आणि राजे यांची थेट तुलना फसवी ठरते, कारण राणी गादीवर आली तो काळच कदाचित वेगळा असेल. म्हणून त्यांनी आधीच्या राजाचं पहिलं अपत्य मुलगा होतं की मुलगी, याचा आधार घेतला. ती निसर्गाची नाणेफेक, राजकारणाशी तिचा संबंध नाही. पहिला मुलगा झाला की पुढे राणी येण्याची शक्यता घटते. अशा मोजणीत राण्यांची राज्यं राजांच्या राज्यांपेक्षा जास्त वेळा युद्धात उतरलेली दिसली. मात्र त्यातही फरक होता. अविवाहित राण्यांवर अविवाहित राजांपेक्षा जास्त हल्ले झाले. विवाहित राण्या विवाहित राजांपेक्षा जास्त वेळा स्वतःच हल्ला करत होत्या. संशोधकांचा अंदाज असा की एकटी राणी शेजाऱ्यांना दुबळी वाटायची, तर विवाहित राणी नवऱ्यालाही कारभाराला जुंपायची.

म्हणजे लिंगाचा परिणाम होत होता, पण आवडीनिवडीतून नव्हे. शेजारी ताकदीचा जो अंदाज बांधत, त्या अंदाजातून.

या अंदाजाचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे महाराणी ताराबाई. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, तेव्हा मोगलांकडे आनंदाचे नगारे वाजले. दोन लहान पोरं आणि एक असहाय बाई, यांना हरवायला कितीसा वेळ लागणार, असा त्यांचा हिशेब होता, हे मोगलांकडचाच इतिहासकार खाफीखान सांगतो. पुढे तोच लिहितो की ताराबाईंनी कारभारात आणि लष्करी नेतृत्वात मोठी कर्तबगारी दाखवली आणि मराठ्यांचं बळ दिवसेंदिवस वाढत गेलं.

हे खेळात आणायचं तर 'बाई आहे, म्हणून आवडते' ही ओळ पुरणार नाही. शेजाऱ्याच्या मनातला ताकदीचा अंदाज हा बदलता आकडा ठेवावा लागेल: सुरुवातीला लिंग पाहून चुकीचा धरलेला आणि प्रत्येक लढाईनंतर थोडा दुरुस्त होणारा. या खेळाच्या बऱ्याचशा नियमांच्या फायली साध्या मजकुरात असतात आणि हौशी खेळाडू त्या बदलतातही. भाचीने विचारलं, तो आकडा किती वेगाने दुरुस्त व्हावा? मी म्हटलं, औरंगजेबासाठी सावकाश ठेव. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले कधी वेढ्याने, कधी पैशाने घेत तो फिरत राहिला, मराठे त्यातले बरेच परत घेत राहिले, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला, तेव्हाही ताराबाईंशी लढाई चालूच होती.