काच घासून शेवाळ जात नाही

फिश टँकची काच हिरवी झाली की घरोघरी एकच मोहीम निघते. मासे बादलीत, खडी नळाखाली, काच लख्ख, आणि फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळलेला. काही दिवसांतच शेवाळ परत हजर!

त्या मळकट स्पंजवर आणि खडीवरच तर टाकीचा कारभार चालतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. स्पंजवर आणि खडीवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. सगळंच धुतलं की टाकी पुन्हा नवी होते, आणि नव्या टाकीत हमखास येतो तो बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर. हे डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ; यांची कवचं सिलिकाची असतात. टाकी स्थिरावली की ते बहुधा आपणहून जातात.

हिरवं शेवाळ मात्र मुक्कामाला येतं. त्याला हवा असतो उजेड, आणि खायला नायट्रेट-फॉस्फेट. दोन्ही पुरवणारे आपणच. पाहुण्यांना दाखवायला दिवा रात्री अकरापर्यंत चालू, टाकी खिडकीशी, आणि येता-जाता चिमूट-चिमूट खाणं. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात आणि शेवाळाची सोय होते. दिवा सहा ते आठ तास पुरे. टायमर लावला की विसरायची भानगड नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालावं. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. टाकीच्या कडेला मनीप्लांट लावून फक्त मुळं पाण्यात सोडली, तर तोही नायट्रेट शोषतो. माझ्या मते बाटलीतल्या शेवाळनाशकापेक्षा हा उपाय कितीतरी बरा, कारण त्या औषधांत बऱ्याचदा तांबं असतं आणि गोगलगायी-कोळंबीला ते सोसत नाही.

खडीवर निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा दिसला, खाली प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले असले आणि ओल्या मातीसारखा उग्र वास आला, तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. यांच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूही वापरतात, त्यामुळे नायट्रेट कमी करून भागेलच असं नाही. पापुद्रा नळीने ओढून काढावा आणि टाकी तीन-चार दिवस कापडाने पूर्ण झाकावी. हवेचा पंप मात्र चालू हवा.

‘सकर मासा आणा, तो सगळं चाटून खातो,’ असं दुकानदार सांगतात. बोटभर सकर शेवाळ खातो हे खरं. पण मोठा झाला की त्याचा कल माशांच्या खाण्याकडेच जास्त. शिवाय तो वाढून फूट-दीड फूट होतो आणि भरपूर विष्ठा टाकतो, म्हणजे पुन्हा नायट्रेट. मग कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या अनेक नद्या-तलावांत असाच पोचला आहे, आणि आता काठ पोखरून बिळं करतो, मच्छीमारांची जाळी फाडतो.