ई५ खेळा, पण कॅसलिंग झाल्यावर

इंदूरमध्ये शाळांच्या बुद्धिबळ स्पर्धा जवळ आल्या की मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘किंग्ज इंडियन’ (काळ्या सोंगट्यांनी डाव सुरू करायची एक पद्धत) म्हणजे आपल्या ऋषिमुनींची व्यूहरचना! ऋषींना यात ओढायचं काही कारण नाही. नावातलं ‘इंडियन’ बरंच अलीकडचं आहे. १८५०च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरशी खेळत, आणि काळ्या सोंगट्या घेऊन जी६, उंट जी७ अशी मांडणी करत (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल). देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. इंदूरच्या रामबागेत जुन्या पद्धतीनं खेळणारे आजोबा अजूनही दोन घरं सोडू देणार नाहीत. अशा खेळात जी-प्यादं एक घर पुढे घेऊन उंटाला वाट देणं अगदी ओघानंच येतं.

एफ८ वर अडकलेल्या उंटाला सुरुवातीला एकही घर नसतं. जी७ वरून, पट मोकळा असेल तर, त्याचा मारा नऊ घरांवर. पण समोर एफ६ वर आपलाच घोडा उभा! म्हणजे ही झाकलेली तोफ. घोडा हलला की ती सुटते.

आता पट मांडा; प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. डी४ घोडा एफ६, सी४ जी६, घोडा सी३ उंट जी७, ई४ डी६, घोडा एफ३ कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), उंट ई२ ई५. ई५ चं प्यादं फुकट दिसतं. पांढरा डी-प्याद्यानं ते मारतो, काळा डी-प्याद्यानं परत मारतो, वजिरावजिरी होते, डी८ वर काळा हत्ती येतो. पांढऱ्याच्या घोड्यानं ई५ खाल्लं की काळा घोडा ई४ मारतो आणि तोफ सुटते. पांढऱ्यानं तो घोडा मारला तर उंट ई५ वरचा घोडा उचलतो. हिशेब बरोबर.

हेच ई५ पाचव्या चालीला, कॅसलिंगआधी, खेळलात तर? वजीर राजानंच मारावा लागतो, राजा डी८ वर येतो. मग ई५ खाऊन तोच घोडा एफ७ वर उडी मारतो: राजाला शह आणि एच८ चा हत्ती गळाला. मुलं बहुतेक इथंच हरतात.

कॅसलिंगनंतरच्या डावात सावध पांढरा वजिरावजिरी झाल्यावर घोड्यानं ई५ ला हातच लावत नाही. उंट जी५ वर आणून घोडा डी५ वर घुसवायला बघतो. तेव्हा डी८ वरचा हत्ती लगेच ई८ वर न्या. घोडा आलाच तर घोड्यानं मारा, आणि सी-प्याद्यानं परत मारल्यावर सी६.