राखीव जागा आणि सर्वांचे मत: मुंबई प्रांताच्या १९३७ च्या विधानसभेची पार्श्वभूमी

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथे उमेदवार त्या समाजाचा असावा लागतो. मत मात्र मतदारसंघातले सगळेच देतात. हा नियम आता अंगवळणी पडला आहे, पण तो ठरताना केवढा संघर्ष झाला याचा विसर पडू नये.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये झाली. तेव्हा सगळे सदस्य सरकारनियुक्त होते. १८९२ च्या कायद्यानंतर मागच्या दाराने का होईना निवडणूक आली आणि फेरोजशहा मेहता, टिळक, गोखले सभागृहात पोहोचले. १९०९ मध्ये मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ मिळाले, म्हणजे तिथे मतदारही फक्त त्याच समाजाचे. १९१९ च्या सुधारणांनी ८६ सदस्य निवडून येऊ लागले. त्यांतल्या ७ जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखून ठेवल्या होत्या.

खरा पेच १९३२ चा. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने दिलेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला विभक्त मतदारसंघ दिले, त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण मांडले, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांना विभक्त मतदारसंघ सोडावे लागले; बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. जागा दुपटीहून वाढल्या, तरी आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा हक्क गेला. माझ्या मते ही किंमत फार मोठी होती.

या पायावर १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताची १७५ जागांची विधानसभा उभी राहिली. सर्वसाधारण जागा ११४, त्यांपैकी १५ अस्पृश्यांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुस्लिमांना २९, कामगारांना ७, व्यापार-उद्योगाला ७, स्त्रियांना ६. शिवाय युरोपियन, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती, जमीनदार, मागास भाग, आणि विद्यापीठाची एक जागा. मतदार कोण, तर सारा वा कर भरणारे, ठरावीक शिक्षण असलेले आणि अशाच इतर अटींत बसणारे; बहुसंख्य प्रौढ माणसे यादीबाहेरच. वर २९-३० सदस्यांची विधान परिषदही होती.

राखीव जागा बहुसदस्यीय मतदारसंघांत होत्या आणि मुंबई प्रांतात एक मोलाची सोय होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने थोडे असलेले मतदार एकजूट राहिले तर आपला माणूस निवडून आणू शकत. विभक्त मतदारसंघ गेल्यावर उरलेला हा सर्वांत भक्कम आधार होता. १९३७ मध्ये भायखळा-परळ भागातून आंबेडकर निवडून आले ते याच पद्धतीने. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना, तेही दलित समाजातलेच. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतात डझनाहून अधिक जागा जिंकल्या.

राज्यघटनेने प्रौढ मताधिकार आणला आणि धर्मवार मतदारसंघ संपवले. १९५२ च्या निवडणुकीत द्विसदस्यीय मतदारसंघ राहिले, मात्र एका उमेदवाराला एकच मत देण्याचे बंधन आले आणि मते एकवटण्याची सोय गेली. १९६१ मध्ये द्विसदस्यीय मतदारसंघही मोडले. महाराष्ट्रात १९६२ ला २६४, १९६७ ला २७० आणि १९७८ पासून २८८ जागा झाल्या. स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली आहे.