गाभा आणि कवच: आपणच घडणाऱ्या नॅनोकणांची पार्श्वभूमी

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मायसेल पहिल्यांदा भेटतो तो साबणाच्या धड्यात. इतिहासही तिथूनच सुरू होतो. साबणाचे रेणू पाण्यात गोळा होऊन पुंजके, म्हणजेच मायसेल, करतात, ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. पाण्याला भिणारी शेपटी आत, पाण्यात रमणारं डोकं बाहेर. पण द्रावण पातळ केलं की हे पुंजके विरघळून जातात.

टिकाऊ पुंजक्यासाठी दोन स्वभावांची लांब रेणूसाखळी, म्हणजे पॉलिमर, हवी होती, आणि ती हव्या त्या लांबीची करणं कुणाला नीट जमत नव्हतं. माझ्या मते खरं वळण १९५६ चं. अमेरिकेत सिरॅक्यूजला रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांनी सोडियम-नॅप्थॅलीनच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन हा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा दुवा, घातला; साखळ्या वाढू लागल्या आणि रंग लाल झाला. स्टायरीन संपलं तरी साखळीचं टोक जिवंतच राहिलं. दुसरा मोनोमर घातला की वाढ पुढे चालू! अशा जोडसाखळ्या, म्हणजे ब्लॉक कोपॉलिमर, योग्य द्रावकात सोडल्या की गाभा-कवचाचे कण आपोआप बांधले जातात. आकार साधारण १० ते १०० नॅनोमीटर. साबणापेक्षा कितीतरी पातळ द्रावणातही ते तग धरतात.

हे औषधनिर्मात्यांच्या कामाचं निघालं. गोव्यातल्याच वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांची कटकट नव्यानं सांगायला नको. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच. ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकातून द्यावं लागे आणि काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येई. जपानमध्ये काताओका यांनी १९८०-९० च्या दशकांत पॉलिमर मायसेलमधून औषध नेण्याचा पाया घातला. पुढे दक्षिण कोरियानं २००७ मध्ये जेनेक्सॉल-पीएमला परवानगी दिली: कवच पीईजी या पाण्यात रमणाऱ्या पॉलिमरचं, गाभा पॉलिलॅक्टिक आम्लाचा, आत पॅक्लिटॅक्सेल, एरंडेलाचा द्रावक नाहीच.

रक्तात गेल्यावर कण विस्कटण्याची भीती मात्र उरते. त्यावर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वूली यांच्या गटानं कवचातल्या साखळ्याच एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या. हा उपाय मला फार सुंदर वाटतो: आधी कणाला आपल्या मर्जीनं बनू द्यायचं, मग कडी लावायची.

अडचण राहिली ती मोठ्या प्रमाणावर कण बनवण्याची. जुन्या पद्धतीत द्रावण फार पातळ ठेवावं लागे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून राफ्ट बहुलकीकरण, म्हणजे साखळीची वाढ ताब्यात ठेवण्याची एक पद्धत, आलं. त्याच्या आधारानं साखळी वाढता वाढताच कण घडवण्याची रीत शेफील्डच्या स्टीव्ह आर्म्स यांच्यासारख्यांनी पुढे नेली. आता एकाच भांड्यात, पाण्यातच, कितीतरी दाट माल निघतो.