मज्जातंतू-स्नायू विकारांचे निवासी प्रशिक्षण

मज्जारज्जूतील चेतापेशी, तिचा तंतू, तंतू आणि स्नायू यांचा सांधा किंवा खुद्द स्नायू, यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी ताकद जाते. तो कुठे झाला हे रुग्णाच्या खाटेपाशी ठरवता येणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा. भारतात ते मुख्यतः मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रात एमडी केल्यावरच्या 3 वर्षांच्या डीएम न्यूरॉलॉजी या अतिविशेष पदवीत मिळते.

सुरुवात प्रश्नांपासून होते. ‘पायात ताकद नाही’ एवढ्या नोंदीने काही कळत नाही. उकिडवे बसल्यावर हात न टेकता उठता येते का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हे खुब्याचे आणि खांद्याचे प्रश्न. चप्पल पायातून निसटते का, हा पावलाचा. आणि निसटलेली कळतही नसेल तर संवेदना गेलेली असते, म्हणजे दोष केवळ स्नायूचा नाही.

ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत मोजतात. नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात. पोटरी हाताने दाबून पाहिली की जवळजवळ नेहमी 5 येते. एका पायाच्या चवड्यावर उभे केले की खरे कळते. मान वाकवण्याची ताकद रुग्णाला उताणे झोपवून पाहायची असते, ती तर बहुतेकदा राहूनच जाते. कोपराच्या वरची अल्नर नस आणि गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालणारी नस चाचपायला आपल्याकडे शिकवावेच लागते, कारण कुष्ठरोगात कधीकधी त्वचेवर चट्टा नसतो, नुसती नस जाड झालेली असते.

बिघाडाची जागा, नसेतून संदेश किती वेगाने जातो (वहनवेग) हे मोजणारे यंत्र सुरू करण्याआधी कागदावर लिहून घेणारे शिक्षक चांगले. नाहीतर रेसिडेंट आकड्यांना शरण जातो, आणि आकडे फसवतात. वातानुकूलित खोलीत हात गार पडला की दर अंशाला वहनवेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने घटतो आणि निरोगी नस आजारी दिसते. म्हणून हाताची त्वचा किमान 32 अंश सेल्सिअस ठेवतात. काहींच्या पुढल्या हातात मीडियन नसेतले काही तंतू अल्नर नसेत जातात. हे ठाऊक नसले की अल्नरमध्ये नसलेला अडथळा अहवालात उमटतो. मायस्थेनियासाठी, म्हणजे तंतू आणि स्नायू यांच्या सांध्याच्या आजारासाठी, नसेला 3 हर्ट्झने (सेकंदाला 3 वेळा) उत्तेजन देऊन पहिल्या आणि चौथ्या प्रतिसादात 10 टक्क्यांहून अधिक घट शोधतात. हात पट्टीने नीट बांधलेला नसेल तर नुसत्या हालचालीनेही घट दिसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक श्वासाची. पल्स ऑक्सिमीटरवर 98 दिसते म्हणून गिलाँ-बारेचा (नसांना झपाट्याने दुबळे करणाऱ्या आजाराचा) रुग्ण साध्या वॉर्डात ठेवणे धोक्याचे, कारण तो आकडा अगदी शेवटी घसरतो. एका दमात किती अंक मोजता येतात ते दर पाळीला लिहायचे. फुप्फुसांची क्षमता किलोमागे 20 मिलिलिटरच्या खाली आली की रुग्ण अतिदक्षता विभागात हलवायचा, श्वासनलिकेत नळी घालायची तयारी ठेवायची.

ग्रामीण महाराष्ट्रात पावसाळ्यात आणखी एक धडा मिळतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या घेऊन येतो, दंशाची खूण सापडतेच असे नाही. हा मण्यार सापाचा दंश. विष तंतूच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे निओस्टिग्मिनचा, म्हणजे सांध्यावरचा संदेश बळकट करणाऱ्या औषधाचा, उपयोग नागदंशाइतका होत नाही. पुढे बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, हातपाय निपचित पडतात आणि मेंदू मृत झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रुग्ण शुद्धीवर असू शकतो, आजूबाजूचे बोलणे ऐकत असतो. व्हेंटिलेटर काढायचा नाही, आणि खाटेपाशी काय बोलतो याचे भान ठेवायचे.