हृदयातली हवा कुठून आली?

मे महिन्यात तापीच्या डोहातून किंवा यावल-भुसावळकडच्या विहिरीतून फुगलेला, काळवंडलेला मृतदेह निघतो. नाकातोंडातून रक्ताळ पाणी आलेलं असतं. मग कुणी म्हणतं विष घातलं, कुणी म्हणतं आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, ओढलं. खरं तर माणूस गेल्यावरही आतड्यातले जिवाणू वायू तयार करत राहतात. पोट फुगतं आणि आतला द्रव त्या दाबाने नाकातोंडावाटे बाहेर येतो. एवढ्यावरून विष ठरत नाही, आणि आसरा तर मुळीच नाही.

हाच वायू सीटी स्कॅन वाचणाऱ्यालाही चकवतो. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ साली सीटीवर आधारित शवविच्छेदन सुरू झालं, तेव्हापासून ‘आता चिरफाड नकोच’ असं सर्रास बोललं जातं. ते इतकं सरळ नाही.

सीटीत प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार एक आकडा मिळतो, त्याला हाउन्सफील्ड आकडा म्हणतात: पाणी ०, चरबी उणे १००च्या आसपास, हवा उणे १०००. त्यामुळे थोडीशी हवाही काळीभोर उठून दिसते. गळ्यावर वार होऊन मानेची मोठी शीर उघडी पडली, तर श्वास घेताना छातीतला दाब उतरतो आणि हवा शिरेत ओढली जाते. ती हृदयाच्या उजव्या बाजूला साचते, तिथे फेस होतो आणि फुप्फुसांकडे जाणारं रक्त अडतं. छाती उघडताना हा पुरावा निसटू शकतो. म्हणून हृदयावरणात, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत, पाणी भरतात, त्याखाली उजवा कप्पा टोचतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. सीटीला ही हवा सुरी लागण्याआधीच दिसते, हे तिचं खरं बळ.

पण ती हवा वाराची की कुजण्याची? देह ताजा असेल, हवा फक्त उजव्या हृदयात आणि फुप्फुसाच्या धमनीत असेल, यकृतात वायू नसेल, तर संशय वाराकडे जातो. यकृताच्या रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या दोन्ही बाजूंना आणि स्नायूंतही वायू पसरला असेल, तर ते बहुधा कुजणं. छाती दाबून वाचवण्याचा प्रयत्न झाला असेल, तरी थोडा वायू दिसू शकतो; त्याची नोंद हवीच. खानदेशातल्या ४४-४५ अंशांत काही तासांतच चित्र बदलतं. म्हणून देह लगेच ४ अंशांच्या शीतपेटीत ठेवायचा, शवविच्छेदनाआधी स्कॅन करायचा आणि मृत्यूपासून किती तास झाले ते अहवालात लिहायचं. स्कॅन करताना मृतदेहाची पिशवी उघडायची नाही, पण तिची चेन धातूची नको. प्रतिमेत रेघा उमटतात.

महामार्गावरच्या अपघातात मोडलेली हाडं, कवटीतला रक्तस्राव, अडकलेली गोळी हे सीटी उत्तम दाखवते. हृदयाच्या धमनीतली गुठळी मात्र डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सोडायचं द्रव्य) न घालता सहसा दिसत नाही. २०१२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १८२ मृतदेहांच्या ब्रिटिश अभ्यासात, मृत्यूच्या कारणाबाबत सीटी आणि शवविच्छेदन यांत ३२ टक्के वेळा मोठी तफावत निघाली. सायनसमधलं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधलं, पाणी बुडण्याकडे बोट दाखवतं, पण नुसता देह पाण्यात पडून राहिला तरी ते आत शिरतं.

कपाशीवर मारायचं औषध पोटात गेलं असेल, तर ते विष कोणतं हे सीटी सांगत नाही. तिथे व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, राखावाच लागतो: जठर आतल्या ऐवजासह, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग, हे सगळं बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात. बरणी दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर वायूने झाकण उडतं. रक्त वेगळ्या बाटलीत, सोडियम फ्लोराइड घालून.