औषध किंमत नियंत्रण, भारतातील

औषधाच्या विक्रीची कमाल किंमत शासनाने कायद्याने ठरवून देणे आणि त्याहून अधिक आकारलेली रक्कम उत्पादकाकडून व्याजासह वसूल करणे, या व्यवस्थेला औषध किंमत नियंत्रण म्हणतात. भारतात हे नियंत्रण जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 या कायद्याखाली काढलेल्या औषध (किंमत नियंत्रण) आदेश, 2013 नुसार चालते. त्याची अंमलबजावणी 29 ऑगस्ट 1997 रोजी स्थापन झालेले राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण करते. हे प्राधिकरण आरोग्य मंत्रालयाच्या नव्हे, तर रसायने व खते मंत्रालयाच्या कक्षेत येते. कोणती औषधे अत्यावश्यक आहेत हे आरोग्य मंत्रालय सांगते आणि ती केवढ्याला विकावीत हे दुसरे मंत्रालय ठरवते, ही भारतीय व्यवस्थेतील विभागणी तिच्या अनेक गुणदोषांच्या मुळाशी आहे.

साबण किंवा चप्पल घेताना ग्राहक चार दुकाने हिंडून, घासाघीस करून माल निवडतो. औषधाच्या बाबतीत निवड डॉक्टर करतो, माल केमिस्ट देतो आणि पैसे रुग्ण मोजतो. चिठ्ठीवर लिहिलेले ब्रँडचे नाव बदलून त्याच घटकाची स्वस्त गोळी मागण्याइतके ज्ञान किंवा धीर आजारी माणसाजवळ क्वचितच असतो. त्यामुळे एकाच औषधाचे पन्नास ब्रँड बाजारात असले, तरी त्यांच्या स्पर्धेने किंमत खाली येईलच असे नाही. उलट डॉक्टरांपर्यंत अधिक पोहोचणारा महागडा ब्रँडच अधिक खपतो, असे भारतीय बाजारात वारंवार दिसून आले आहे. शासनाने किमतीत हात घालण्याचे खरे समर्थन येथे आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दीड दशके भारताची औषधांची गरज मुख्यतः परदेशी कंपन्या भागवत होत्या. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. तरीही, भारतातील काही औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत, असा उल्लेख अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने 1960 च्या सुमारास केला. प्रत्यक्ष नियंत्रण आले ते युद्धाच्या निमित्ताने. 1962 मधील चिनी आक्रमणानंतर भारत संरक्षण कायद्याखाली आधी किमती जाहीर करण्याचा आणि मग 1 एप्रिल 1963 च्या पातळीवर त्या गोठवण्याचा आदेश निघाला. 1970 च्या आदेशाने औषधांना जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या चौकटीत आणले. त्याच वर्षीच्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मक्तेदारी काढून फक्त उत्पादनाच्या प्रक्रियेला संरक्षण ठेवले. हा कायदा 1972 पासून अमलात आला आणि देशी कारखानदारीला मोकळे रान मिळाले. पुढच्या तीन दशकांत औषधे स्वस्त झाली, त्यात किंमत आदेशापेक्षा या पेटंट कायद्याचा वाटा मोठा होता, असे म्हणावे लागते.

जयसुखलाल हाथी समितीच्या 1975 च्या अहवालानंतर 1979 मध्ये जो आदेश निघाला, तो फार व्यापक होता. त्यात 347 मूळ औषधद्रव्ये नियंत्रणाखाली होती आणि औषध जितके अधिक गरजेचे तितका उत्पादकाला मिळणारा वाढावा, म्हणजे उत्पादन खर्चावरची जादा रक्कम, कमी, अशी गटवार रचना होती. मात्र पहिल्या गटाला 40 टक्के आणि तिसऱ्याला 100 टक्के वाढावा असल्यामुळे कंपन्या गरजेची औषधे सोडून फायद्याच्या औषधांकडे वळल्या. नंतरच्या आदेशांनी वाढावा वाढवत आणि यादी आखडत नेली. 1987 मध्ये सुमारे 140 द्रव्ये उरली आणि 1995 मध्ये 74. त्या 74 द्रव्यांची निवड उलाढाल व बाजारातील मक्तेदारी पाहून झाली होती. औषध जीव वाचवते की नाही, हा प्रश्न त्या निवडीत नव्हता. त्यामुळे अनेक अत्यावश्यक औषधे बाहेर राहिली आणि काही बिनमहत्त्वाची आत आली. 2002 च्या धोरणाने ही यादी आणखी लहान करण्याचे ठरवताच प्रकरण न्यायालयात गेले. मार्च 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्यावश्यक व जीवरक्षक औषधे नियंत्रणातून निसटणार नाहीत असे निकष ठरवण्यास शासनाला सांगितले. त्याच वर्षी अखिल भारतीय औषध कृती जाळे व इतर संस्थांनी जनहित याचिका दाखल केली. आजची यादी अत्यावश्यकतेच्या कसोटीवर उभी आहे, ती या न्यायालयीन दट्ट्यामुळे. शासनाला हे मान्य करायला दहा वर्षे लागली.

2013 च्या आदेशाने दोन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली गोष्ट म्हणजे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी जशीच्या तशी आदेशाच्या पहिल्या अनुसूचीत आली. तेव्हा यादीत 348 औषधे होती. सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झालेल्या यादीत 384 आहेत. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी होती: उत्पादन खर्चावर वाढावा देण्याची जुनी पद्धत मोडीत निघून किंमत बाजारावरून काढली जाऊ लागली. 2011 च्या मसुद्यात सर्वाधिक विक्रीच्या तीन ब्रँडची भारित सरासरी, म्हणजे ज्याचा खप जास्त त्याच्या किमतीला जास्त वजन देणारी सरासरी, सुचवली होती. तसे झाले असते तर महागड्या ब्रँडचीच किंमत कमाल किंमत ठरली असती. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने अखेर साध्या सरासरीचा पर्याय स्वीकारला.

ही सरासरी कशी निघते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. एखाद्या गोळीचे पाच ब्रँड असे आहेत की प्रत्येकाचा बाजारातील वाटा किमान एक टक्का आहे, आणि किरकोळ दुकानदाराला ते अनुक्रमे 10, 9, 7, 3 आणि 1 रुपयाला पडतात. त्यांची बेरीज 30 आणि सरासरी 6 रुपये. त्यावर दुकानदाराचा 16 टक्के नफा धरला की कमाल किंमत 6 रुपये 96 पैसे होते, कर त्याखेरीज. जे ब्रँड याहून महाग आहेत त्यांना खाली यावे लागते, आणि जे स्वस्त आहेत त्यांना या संधीचा फायदा घेऊन किंमत वाढवता येत नाही. गणित सोपे आहे, हिशेब लपवायला वाव नाही आणि कारखान्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासत बसावे लागत नाही, हे या पद्धतीचे गुण आहेत. परंतु एक ब्रँड दुकानदाराला एक रुपयात मिळतो, याचा अर्थ ती गोळी तेवढ्या पैशांत बनते, घाऊक विक्रेत्यामार्फत पोहोचते आणि उत्पादकाला परवडते. अशा गोळीची कायदेशीर कमाल किंमत जवळपास सात रुपये ठरते, याला रुग्णाच्या बाजूने पाहणाऱ्याने किंमत नियंत्रण म्हणणे कठीण आहे. ज्या बाजारातील किमती अवाजवी आहेत म्हणून नियंत्रण आणायचे, त्याच बाजाराची सरासरी प्रमाण मानायची, हा या आदेशातील मूलभूत दोष आहे.

ठरलेली कमाल किंमत दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलते. ही वाढ 2022 मध्ये 10.77 टक्के, 2023 मध्ये 12.12 टक्के आणि 2024 मध्ये नाममात्र, म्हणजे 0.00551 टक्के होती. घाऊक निर्देशांकात इंधन, धातू आणि धान्यही येते. त्यांच्या चढउताराचा गोळीच्या खर्चाशी संबंध दूरचा आहे.

अनुसूचीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नसते. त्यांच्या छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करता येत नाही, एवढेच बंधन असते. मात्र पहिली किंमत कितीही ठेवता येते. मूल्याच्या हिशेबाने पाहता नियंत्रित औषधांचा वाटा एकूण बाजाराच्या सुमारे एक-पंचमांश किंवा त्याहून कमी मानला जातो. याचे एक कारण मिश्र औषधे हे आहे. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिनची 500 मिलिग्रॅमची गोळी यादीत आहे. तीच दुसऱ्या औषधाबरोबर एका गोळीत घातली की ती गोळी यादीतली राहत नाही. 2013 नंतर एखाद्या उत्पादकाने यादीतील औषधाचे नवे मिश्रण आणले, तर त्याला प्राधिकरणाकडून किंमत ठरवून घ्यावी लागते, पण आधीपासून बाजारात असलेली मिश्रणे मोकळीच राहिली. पेटंट असलेल्या नव्या औषधांना तर 2019 च्या दुरुस्तीने विक्री सुरू झाल्यापासून पाच वर्षे किंमत निश्चितीतून सूट दिली आहे. पेटंट असलेल्या औषधांच्या किमती वाटाघाटीने ठरवाव्यात यासाठी 2007 मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल 2013 मध्ये आला, परंतु त्यातून व्यवस्था उभी राहिली नाही. या क्षेत्रात जे घडले ते पेटंट कायद्याच्या वाटेने. सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च बायर कंपनीच्या किमतीने 2,80,428 रुपये होता. 9 मार्च 2012 रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवण्याची मुभा, दिली आणि तेच औषध 8,880 रुपयांना मिळू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये हा निर्णय कायम केला. असा परवाना देशात त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही औषधाला मिळालेला नाही.

आदेशाच्या परिच्छेद 19 मध्ये प्राधिकरणाला असाधारण परिस्थितीत जनहितार्थ कोणत्याही औषधाची किंमत ठरवण्याचा अधिकार आहे. 2014 मध्ये मधुमेह व हृदयविकारावरील यादीबाह्य औषधांना तो लावला गेला, पण त्यामागची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने काही महिन्यांतच मागे घ्यायला लावली. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत ठरली: साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषधलेपित स्टेंटला 29,600 रुपये, कर वेगळे. तोवर औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णांकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात असे, आणि प्राधिकरणाच्या आकडेवारीत सर्वाधिक नफा रुग्णालयाच्या पातळीवर दिसून आला. काही परदेशी कंपन्यांनी आपले अद्ययावत स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली. शासनाने पुरवठा चालू ठेवण्यास बजावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर आणि 2019 मध्ये कर्करोगावरील 42 औषधांच्या व्यापारी नफ्यावर मर्यादा आली.

हाच परिच्छेद उलट दिशेनेही वापरावा लागला आहे. डिसेंबर 2019 मध्ये 21 आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आठ औषधांच्या कमाल किमती प्राधिकरणाने 50 टक्क्यांनी वाढवल्या. दुसऱ्या यादीत बेंझाइल पेनिसिलीन, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, दम्यावरील सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि मनोविकारांवरील लिथियम ही जुनी, गरिबांच्या उपयोगाची औषधे होती. जुन्या किमतीत उत्पादन परवडत नाही, म्हणून कंपन्या माघार घेत होत्या. दुकानात नसलेल्या औषधाची किंमत कितीही कमी असली तरी रुग्णाला तिचा उपयोग नाही, त्यामुळे ही वाढ योग्यच होती. पिंपरीच्या कारखान्यासारखे सरकारी उत्पादन जोमात असते, तर अशा वेळी शासनाला दुसरा पर्याय राहिला असता.

रुग्णाच्या हाती पडणारा या साऱ्या व्यवस्थेचा एकमेव पुरावा म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिपवर छापलेली कमाल किरकोळ किंमत. ती सर्व करांसह असते, म्हणजे बिलात तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. आदेशाच्या परिच्छेद 26 नुसार चालू किंमतपत्रक आणि छापील किंमत यांपैकी जी कमी असेल तीच घेता येते. किंमत उतरल्यावर जुन्या साठ्यावर छापलेला चढा आकडा दाखवून पैसे घेणे बेकायदेशीर आहे. दुकानदाराने किंमतपत्रक ठळकपणे पाहायला ठेवले पाहिजे, असाही नियम आहे. महाराष्ट्रात तपासणी अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक करतात. कंपन्यांनी जादा आकारलेल्या रकमांची बरीचशी वसुली मात्र न्यायालयीन वादात अडकून पडते, आणि जी होते ती सरकारी तिजोरीत जाते. ज्याने जादा पैसे मोजले त्याला त्यातले काही परत मिळत नाही.

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियासारख्या देशांत औषधाचा खर्च मुख्यतः सार्वजनिक निधीतून भागवला जातो, त्यामुळे तेथील शासन मोठा ग्राहक म्हणून कंपनीशी घासाघीस करते: औषधाचा फायदा त्याच्या किमतीच्या तोडीचा नसेल तर ते प्रतिपूर्तीच्या, म्हणजे ज्यांचा खर्च शासन भरून देते अशा औषधांच्या, यादीत घेतलेच जात नाही. भारतात अशी सर्वव्यापी प्रतिपूर्ती नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होते. कर्मचारी राज्य विमा योजना आणि केंद्र सरकारी आरोग्य योजना यांच्या लाभार्थ्यांना बाह्यरुग्ण औषधे मिळतात, पण ते लोकसंख्येचा लहान भाग आहेत. शासन ग्राहक म्हणून उभे राहिले की काय होते, हे तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीचे महामंडळ स्थापून दाखवले: मूळ नावाने खुल्या निविदा, एकत्रित खरेदी आणि प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वाट्याच्या औषधांची नोंद ठेवणारे पासबुक, या पद्धतीने त्या राज्याला औषधे बाजारभावाच्या लहानशा अंशात मिळू लागली. राजस्थानने 2011 मध्ये हीच वाट धरली. महाराष्ट्राने 2017 मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. 2008 पासूनची जनऔषधी केंद्रे, ज्यांची संख्या 2023 अखेर 10,000 वर गेली, रुग्णाला स्वस्त पर्याय देतात, पण तेथेही पैसे त्यालाच मोजावे लागतात.

सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देते, आणि औषधांचा खर्च उपचाराच्या ठरीव दरातच धरलेला असतो. योजनेखाली अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला स्टेंट मिळतो, घरी गेल्यावर पंधरा दिवसांची औषधे मिळतात. त्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या पुढे बरेच महिने, अनेकदा वर्षभर, चालू ठेवाव्या लागतात, आणि सोळाव्या दिवसापासून त्या त्याने केमिस्टकडून स्वतःच्या पैशाने घ्यायच्या असतात.